रुमाल टाकून जागा धरायची गरज नाही

ताई, नमस्कार.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही टेक्सासच्या किनाऱ्यावरच्या गॅल्व्हेस्टन बंदरातून सात दिवसांच्या क्रूझला निघतोय. राहतो फ्रिस्कोला, म्हणजे डॅलसच्याही वर. आम्ही दोघं ग्रीन कार्डवाले, मुलं दोन (१३ आणि ९ वर्षं, जन्म इथलाच), आणि भारतातून आलेले सासू-सासरे. सासरे ७६ वर्षांचे, मूळ देवगडचे, अगदी ठणठणीत. सासूबाई ७१ च्या. त्यांना मधुमेह आहे आणि गुडघे फार दुखतात. जहाज रविवारी दुपारी ४ ला सुटतं.

घरात तीन तट पडलेत. नवरा म्हणतो, पहाटे ४ ला घर सोडू, १० पर्यंत पोचू आणि ११ ला दार उघडलं की पहिल्या लोंढ्यात आत शिरू. पूर्ण दिवसाचे पैसे भरलेत तर दिवस वसूल करायचा. लवकर चढण्याचा एक वेगळा पास मिळतो, तोही विकत घ्यायच्या बेतात आहे. सासरे म्हणतात, ११ कसले, ८ ला बंदरावर हजर पाहिजे, बोट कुणासाठी थांबत नाही. मी म्हणते, चारचं जहाज आहे तर अडीचला जाऊ, तोवर गर्दी ओसरेल आणि सासूबाईंना ताटकळावं लागणार नाही. चेक-इनचा स्लॉट पुढच्या आठवड्यात निवडायचा आहे. कितीचा घेऊ?

– तीन तटांमधली सून, फ्रिस्को

*

प्रिय सूनबाई,

आधी तुझ्या सासऱ्यांची बाजू घेते, कारण घरात सगळे त्यांना हसत असणार याची मला खात्री आहे. देवगडच्या माणसाने जहाज म्हटल्यावर सकाळचे आठ म्हणावेत, यात नवल ते काय? त्यांच्या लहानपणी मुंबईला जायचं म्हणजे कोकण किनाऱ्याची आगबोट. ती भाऊच्या धक्क्यावरून सुटायची आणि रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत पणजीला जायची. जिथे बोट धक्क्याला लागत नसे तिथे पडावात, म्हणजे छोट्या होडीत, बसून समुद्रात जायचं आणि हलत्या पडावातून वर चढायचं. बोट कधी दिसेल याचा भरवसा नसे, म्हणून माणसं बंदरावर आधीच येऊन बसायची. आणि मुख्य म्हणजे डेकच्या उतारूला ठरलेली जागा नसे. जो आधी चढेल तो वळकटी पसरेल. माझी आजी सांगायची, रत्नागिरीला पोरांना आधी वर चढवायचं आणि म्हणायचं, ‘आडवे पडा रे, दोन्ही हात पसरून पडा!’ म्हणजे मागून येणाऱ्या मोठ्या माणसांना तेवढी जागा राखलेली असायची.

तीच गोष्ट पुढे एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून आपण सगळ्यांनी केली. तेव्हा लवकर चढणं म्हणजे जागा मिळणं, हे आपल्या हाडात भिनलेलं आहे, आणि तुझा नवरा अमेरिकेत कितीही वर्षं राहिला असला तरी तोही त्याच वडिलांचा मुलगा आहे. आठ काय आणि अकरा काय, दोघांचं म्हणणं मुळात एकच आहे.

पण या जहाजावर तुमच्या केबिनचा नंबर तुम्ही पैसे भरले त्या दिवशी ठरला. रात्रीच्या जेवणाची वेळ किंवा टेबलही बहुधा ठरलेलं आहे. संकटाच्या वेळी कुठे जमायचं ती जागासुद्धा ठरलेली आहे. तुम्ही साडेअकराला चढा नाहीतर दोनला, तुमच्या पलंगावर दुसरं कुणी वळकटी पसरणार नाही. मग लवकर चढून नक्की काय मिळतं, एवढंच बघायचं राहतं.

त्यासाठी त्या दिवशी बंदरावर काय चालतं ते माहीत हवं. तुम्ही ज्या जहाजावर चढणार, ते त्याच पहाटे आधीची फेरी संपवून आलेलं असतं. सकाळी साधारण सात ते दहा जुने प्रवासी सामानासकट उतरत असतात. इमिग्रेशन, कस्टम्स, टॅक्स्या, न्यायला आलेली पोरं, सगळा कल्लोळ. जुना शेवटचा माणूस उतरून गणती पुरी झाल्याशिवाय नव्या माणसाला वर घेत नाहीत. त्याच चार-पाच तासांत दीड-दोन हजार केबिनच्या चादरी बदलायच्या, आठवडाभराचं दूध, पीठ, भाज्या, अंडी चढवायची, इंधन घ्यायचं. मंगल कार्यालयात सकाळचं लग्न आटोपून संध्याकाळचं लागायचं असतं तेव्हा मधल्या दोन तासांत जे दिसतं, ते डोळ्यांपुढे आण. अशा वेळी आठ वाजता जाऊन सासरे उभे कुठे राहणार? टर्मिनलच्या बाहेर फुटपाथवर, गाड्यांच्या धुरात. आत घेणारच नाहीत. त्यांना हे असं लग्नाच्या कार्यालयाचं उदाहरण देऊन सांग, पटेल. ‘नियम आहे’ म्हणून सांगितलंस तर पटणार नाही.

आता नवऱ्याचे अकरा. ते अगदीच चूक नाहीत, आणि तुम्ही चौघंच जाणार असतात तर मी त्याचीच री ओढली असती. पहिल्या तासात चढणाऱ्याला पोहण्याचे तलाव आणि घसरगुंड्या जवळजवळ मोकळ्या मिळतात. मुलांच्या क्लबात नाव नोंदवायला रांग नसते. दुपारचं जेवण पदरात पडतं. सगळं जहाज माणसांनी भरायच्या आधी फिरून बघता येतं, आणि त्यात खरंच मजा आहे. पण केबिन मात्र साधारण एक-दीड वाजल्याशिवाय देत नाहीत. तोवर खोल्यांच्या पॅसेजची दारं बहुधा बंदच असतात. मोठं सामानही पोर्टरकडे दिलेलं असतं, आणि ते दुपारी उशिरा, कधी कधी रात्रीच्या जेवणाच्या सुमाराला दाराशी येतं. म्हणजे साडेअकराला चढलात तर पहाटे तीनला उठून पाच-सहा तास गाडीत बसलेल्या सासूबाईंना आणखी दोन तास पाठ टेकायला जागा नाही. वरच्या डेकवर बुफेत हजार-दीड हजार माणसं एकदम घुसलेली, हातात ताट, डोळे टेबल शोधताहेत. तुझ्या नवऱ्याला दिवस वसूल झाल्यासारखा वाटेल. त्याच्या आईला तो दिवस कसा वाटेल?

तो पास घेऊ नका. तुमच्या बाबतीत तो बिनकामाचा आहे, एवढं पुरे.

आणि आता तू. गर्दी ओसरू द्यावी हा तुझा विचार रास्त आहे. दोननंतर खरंच रांग नसते, माणूस चालत जातो तो थेट जहाजात. पण तू ‘चारचं जहाज’ म्हणतेस तिथे गफलत आहे. जहाज सुटायच्या किमान ६० मिनिटं आधी प्रवाशांची पक्की यादी अमेरिकेच्या कस्टम्स आणि सीमासुरक्षा खात्याकडे जावी लागते. म्हणून कंपन्या चेक-इन साधारण तास-दीड तास आधीच बंद करतात. कंपनीच्या कागदात ती वेळ दिलेली असेल, ती आजच बघ. म्हणजे तुझं जहाज खऱ्या अर्थाने चारला नाही, अडीच-तीनला ‘सुटतं’. ह्यूस्टनच्या अलीकडे आय-४५ महामार्गावर एक अपघात झाला की दीड तास कुठे गेला ते कळत नाही, आणि बेटावर जायचा मोठा रस्ता तो एकच. जहाज चुकलं तर पैसे परत नाहीत. पुढच्या बंदरावर आपल्या खर्चाने विमानाने गाठायचं, सहा माणसांनी, त्यातले दोघं पाहुण्यांच्या व्हिसावर. हा विचारसुद्धा नको.

माझीच गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी आई आली होती, तिला घेऊन आम्ही याच गॅल्व्हेस्टनहून निघालो. आम्ही ह्यूस्टनजवळ केटीला राहतो, म्हणजे दीड तासावर. सव्वाअकराला काउंटरवर उभे. आईचा पासपोर्ट कोरा करकरीत नवा, आणि व्हिसा? तो जुन्या, कोपरा कापलेल्या पासपोर्टात. व्हिसा चालू असेल तर जुना आणि नवा असे दोन्ही पासपोर्ट दाखवून काम होतं, हे मला पाठ होतं, चार जणांना मी ते सांगितलेलंही होतं. आणि जुना पासपोर्ट घरी, कपाटात, तिच्या शालीखाली. आमचे हे गाडी काढून परत केटीला गेले. मी आणि आई टर्मिनलच्या खुर्च्यांवर. आई दर दहा मिनिटांनी म्हणायची, ‘तुम्ही जा गं, मी राहते इथे.’ इथे म्हणजे कुठे, ते तिलाही माहीत नव्हतं. दोन पस्तीसला हे घामाघूम होऊन आले. काउंटर तीनला बंद होणार होता. त्या दिवशी जहाजावर काय जेवलो ते मला आजही आठवत नाही.

हे वाचून नवरा म्हणेल, ‘बघ, म्हणून लवकर जायचं!’ त्याला सांग, केटीहून जाऊन येऊन तीन तास लागतात, फ्रिस्कोहून दहा. तुम्हाला अकराचा स्लॉटही वाचवू शकणार नाही, आणि आठ वाजताचा फुटपाथही नाही. म्हणून हे काम घरातच, आदल्या आठवड्यात करायचं. डायनिंग टेबलवर सगळ्यांचे पासपोर्ट उघडून मांड. सासू-सासऱ्यांचा व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा आहे ना, म्हणजे एन्ट्रीजच्या रकान्यात ‘एम’ आहे ना, ते स्वतः वाच. जुन्या पासपोर्टात असेल तर दोन्ही पासपोर्ट रबर लावून एकत्र ठेव. तुम्हा दोघांची ग्रीन कार्डं खरीखुरी हवीत, फोनमधले फोटो नकोत. मेक्सिकोच्या बंदरात अमेरिकेच्या चालू व्हिसावर किंवा ग्रीन कार्डावर उतरता येतं. वाटेतल्या बाकी देशांचं काय, ते कंपनीच्या कागदात आणि त्या त्या देशाच्या नियमांत बघून घे. आणि हे सगळं एका पिशवीत, ती पिशवी तुझ्या खांद्यावर. पोर्टरकडे जाणाऱ्या बॅगेत पासपोर्ट टाकून पुढे चालते झालेले हुशार लोक मी पाहिलेत.

लक्षात घे, इथल्या नागरिकांचं चेक-इन आताशा चेहऱ्याचा फोटो काढून दोन मिनिटांत होतं. पाहुण्यांच्या व्हिसाचं तसं नाही. तो कुणीतरी हातात घेऊन, पानं उलटून बघतो. तुमच्या सहा जणांत ज्यांना सगळ्यात जास्त वेळ लागणार, त्यांच्या वेळेनेच सगळ्यांचं घड्याळ लावायला हवं. आणि ‘मी मुलांना घेऊन पुढे होतो, तू आई-बाबांना घेऊन मागून ये’ असली आयडिया नवऱ्याच्या डोक्यात येणारच आहे. ती येताक्षणी मोडून काढ. वर गेलेले तिघं आणि खाली काउंटरवर अडकलेले तिघं, ही अवस्था फार वाईट. फोन लागेलच असं नाही, आणि सासूबाईंना इंग्रजीत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मराठीतून सासरे देतात.

इथवर वाचून तुझ्या लक्षात आलं असेल, की मी स्लॉटबद्दल अजून बोललेच नाही. कारण तुमची खरी चूक स्लॉटमध्ये नाहीच, पहाटे चारला निघण्यात आहे. लवकर पोचणं निराळं आणि लवकर चढणं निराळं. तुम्ही पोचा भरपूर लवकर, म्हणजे शनिवारीच. आणि चढा निवांत.

शनिवारी सकाळी नाश्ता करून फ्रिस्को सोडा. वाटेत मॅडिसनव्हिलला बकीज नावाचा भलामोठा पेट्रोल पंप आणि दुकान आहे, बीव्हरच्या चित्राचं, तिथे थांबा. तिथली स्वच्छतागृहं बघून सासूबाई खूश होतील, मुलं बीव्हरचे टी-शर्ट मागतील, द्या घेऊन. दुपारनंतर ह्यूस्टनच्या दक्षिणेला पेअरलँडचं मीनाक्षीचं देऊळ आहे, अगदी दक्षिणी गोपुरांचं. वाट थोडी वाकडी होते, पण ज्येष्ठ मंडळींना सहलीचा नारळ तिथे फुटल्यासारखा वाटेल. रात्री वेब्स्टर किंवा लीग सिटीच्या बाजूला मुक्काम करा. नासाच्या स्पेस सेंटरचा हाच भाग. तिथून गॅल्व्हेस्टन सकाळच्या मोकळ्या रस्त्याने अर्ध्या-पाऊण तासावर. बेटावरच राहिलात तर आणखी बरं, पण शनिवारी रात्री तिथले भाव चढलेले असतात. हॉटेलचा एक रात्रीचा खर्च आणि त्या पासाचे पैसे शेजारी शेजारी लिहून नवऱ्यापुढे ठेव. हिशोबी माणूस असेल तर पुढे बोलावं लागणार नाही.

आदल्या रात्री जवळ येऊन राहायला सांगण्यामागे आणखी एक कारण आहे, ते म्हणजे धुकं. डिसेंबर ते मार्च हा गॅल्व्हेस्टनच्या धुक्याचा काळ. मेक्सिकोच्या आखातावरची उबदार, दमट हवा किनाऱ्याजवळच्या गार पाण्यावर आली की असं दाट धुकं धरतं की समोरचं पेलिकन आयलंड नाहीसं होतं. मग जहाजांना बंदरात वाट दाखवणारी पायलट मंडळी त्यांची ये-जा थांबवतात. म्हणजे तुमचं जहाज बाहेर समुद्रात नांगर टाकून उभं, आत जुने प्रवासी, आणि तुम्ही किनाऱ्यावर. कधी दोन तास, कधी संध्याकाळ होते. अशा दिवशी सगळ्यात जास्त हाल कुणाचे होतात सांगू? जे सगळ्यात आधी बंदरावर पोचले त्यांचे. कंपनी फोनवर नवी वेळ कळवते, ती आदल्या रात्रीपासून बघत राहा. वेळ पुढे गेली असेल तर हॉटेलची खोली सोडायची घाई करू नका. काउंटरवर गोड बोलून तास-दोन तास वाढवून मागा.

धुकं नसेल तर रविवारी सकाळी सासरे पाचला उठून, आंघोळ करून, बूट घालून बसलेले असतील. त्यांना थोपवू नको. त्यांना घेऊन गॅल्व्हेस्टनच्या सीवॉलवर जा. डिसेंबरात सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. बसायला बाकं आहेत, समोर आखात. ८ सप्टेंबर १९०० च्या वादळात हे शहर जवळजवळ धुऊन निघालं, हजारो माणसं गेली. साधारण आठ हजार हा आकडा सांगतात. त्यानंतर ही भिंत बांधली. समुद्राकाठच्या माणसाला हे सांगायला लागत नाही, तो भिंत बघूनच पाण्याची उंची ओळखतो. वेळ उरला तर बेटाच्या पूर्व टोकाकडून पोर्ट बोलिव्हरला जाणारी सरकारी फेरीबोट आहे, फुकट. गाडी काठावर ठेवून नुसतं चालत चढता येतं. जाताना वीसेक मिनिटं, येताना तेवढीच. मागे पेलिकन, बाजूने डॉल्फिन. सासरे ‘बंदरावर हजर’ही होतील आणि एका बोटीत बसूनही येतील.

आता स्लॉट. बाराचा घे. बारा गेला तर साडेबारा. साडेअकरा मिळत असेल तर नको म्हण, आणि एकच्या पुढे जाऊ नको. स्लॉट उघडतात त्या घटकेला फोन हातात असू दे, चांगल्या वेळा पटापट जातात. सहाही जणांचे पासपोर्ट नंबर आणि फोटो आधीच भरून ठेवलेले असतील तर दोन मिनिटांचं काम. बाराचा स्लॉट म्हणजे टर्मिनलमध्ये अर्धा-पाऊण तास धरला तर पाऊण-एकला जहाजात, आणि दीडला केबिन. सासूबाईंच्या दुपारच्या झोपेच्या वेळेला पलंग तयार. हा सगळा हिशोब त्या पलंगाचा आहे.

त्यांच्यासाठी व्हीलचेअर आजच सांगून ठेव. कंपनीच्या विशेष गरजांच्या विभागाला कळवावं लागतं. ‘मी काय आजारी आहे का’ असं त्या म्हणतील. त्यांना सांग, टर्मिनलच्या दारापासून जहाजाच्या दारापर्यंत वळणावळणाचा रॅम्प आहे आणि चाल बरीच आहे. सकाळच्या लोंढ्यात ढकलणाऱ्या मदतनीसांसाठीही थांबावं लागतं, हे बाराचं आणखी एक कारण. आणि हातातल्या पिशवीत त्यांची सगळी औषधं, इन्सुलिन असेल तर तेही, आणि बिस्किटांचा पुडा. चढण्याची सगळी धांदल नेमकी त्यांच्या जेवणाच्या वेळेवर येते. ‘वर गेल्यावर जेवूच’ या भरवशावर मधुमेही माणसाला रांगेत ठेवायचं नाही. साडेदहाला हॉटेलात पोटभर नाश्ता आणि अकराला निघणं, असं बसव.

टर्मिनल कुठलं ते नीट बघ. गॅल्व्हेस्टनला दहा, सोळा, पंचवीस आणि अठ्ठावीस अशी टर्मिनलं आहेत, आणि जीपीएसला नुसतं ‘क्रूझ टर्मिनल’ सांगितलं तर ते आपल्या मनाने एक निवडतं. नवऱ्याने आधी तुम्हा पाच जणांना आणि सामानाला टर्मिनलच्या दारात सोडायचं, मोठ्या बॅगा तिथेच पोर्टरकडे द्यायच्या. टॅग घरून छापून, लावून आणा. बॅगेमागे एक-दोन डॉलर पोर्टरच्या हातावर ठेवा. मग एकट्याने गाडी लावून शटलने यायचं. पार्किंग आधीच पैसे भरून ठेवा. त्याला यायला अर्धा तास लागेल, तोवर तुम्ही खुर्च्यांवर बसा.

चहाची इलेक्ट्रिक किटली घरी ठेव. आहे ना? सासऱ्यांच्या बॅगेत असणारच. किटली, इस्त्री असल्या तापणाऱ्या वस्तू जहाजावर चालत नाहीत, आगीची भीती. स्कॅनिंगमध्ये दिसली की बॅग अडकवून ठेवतात आणि मग संध्याकाळी धोतर-लुंगीसाठी कुणाला तरी खाली जाऊन सोडवून आणावी लागते. घरी केलेले लाडू-चकल्याही बहुतेक कंपन्या वर येऊ देत नाहीत. सीलबंद पाकिटं चालतात. सासूबाईंनी डबा भरायला घ्यायच्या आधीच हे सांग, डबा भरून झाल्यावर सांगितलंस तर तुझं काही खरं नाही.

जहाजात शिरलात की लगेच, जेवायच्याही आधी, सुरक्षेचं काम उरका. आताशा व्हिडिओ फोनवर बघायचा असतो आणि मग आपल्या ठरलेल्या जमायच्या ठिकाणी जाऊन हजेरी लावायची. ते ठिकाण केबिनच्या कार्डावर लिहिलेलं असतं. हे टाळायचं नाही. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटली आणि ३२ माणसं गेली. तेव्हा ही कवायत निघाल्यापासून २४ तासांत केली तरी चालत असे, आणि त्या संध्याकाळी चढलेल्या शेकडो लोकांची ती झालेलीच नव्हती. १ जानेवारी २०१५ पासून नियम बदलला, जहाज सुटायच्या आधी किंवा सुटता सुटता ती झालीच पाहिजे. एकदा वर जाऊन बसल्यावर सासूबाईंना पुन्हा खाली आणणं तुझ्या जिवावर येईल, म्हणून वाटेवरच.

त्यानंतर तू सगळ्यांना जेवायला बसव आणि नवऱ्याला मोठ्या डायनिंग रूमच्या हेड वेटरकडे पाठव. भारतीय शाकाहारी जेवणाचं आधी कळवलेलं असलं तरी पहिल्या दुपारी तोंडाने सांगितलेलं जास्त लागू पडतं. ‘अंडं नको, मासाही नको’ हे स्पष्ट सांगायचं. सासरे देवगडचे आहेत, त्यांना मासा चालत असेल तर तेही सांगा, नाहीतर आठवडाभर त्यांच्यापुढे पनीर येईल आणि ते कुणाला काही बोलणार नाहीत. मुलांना तेवढ्यात पाण्यात उतरू दे. पोहण्याचे कपडे हातपिशवीत ठेवलेस तरच, मोठ्या बॅगेची वाट बघत बसलीस तर संध्याकाळ होईल. नवऱ्याचा वसूल करायचा दिवस तिथे, घसरगुंडीवर, दीड ते साडेतीन. दोन तास भरपूर झाले.

पावणेचारला सासूबाईंना उठव, चहा आणून दे आणि सगळे वरच्या डेकवर जा. सासऱ्यांना उजव्या कठड्याशी उभं कर. बाहेर पडताना उजवीकडे गॅल्व्हेस्टन राहतं आणि डावीकडे पेलिकन आयलंड. सकाळी ते ज्या फेरीबोटीत बसले होते, ती पुढे खालून आडवी जाताना दिसेल, काडेपेटीएवढी. त्यांच्याकडे तेव्हा देवगडच्या पडावाचा विषय काढ आणि मग घड्याळ बघू नको.

– ताई